घसा आणि तारीख

पावसाळा सरत आला की आमच्या भागात घसे धरायला लागतात. दिवसा चटका देणारे ऊन, पहाटे गारवा, खळ्यावर सोयाबीनचा भुस्सा. पाठोपाठ कापूस वेचणी येते आणि जिनिंगच्या आवारात रुई उडू लागते. दवाखान्याच्या बाकावर कोणी ना कोणी सारखे खाकरत असते. यातल्या बहुतेकांना मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, तापाची गोळी आणि दोन दिवसांची विश्रांती एवढेच लागते.

अशाच एका ऑक्टोबरात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण शेवटचा रुग्ण जाईपर्यंत बाहेर थांबून राहिला. आत आला, दार लोटून घेतले आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, गळा पाहून द्या." पाहिला. थोडा लाल होता. तसे सांगितले तरी तो उठेना. मग त्याने मोबाइल काढून आपल्याच घशाचे फोटो दाखवले. तीन आठवड्यांचे, रोज दोन, टॉर्च लावून काढलेले: पडजीभ, टॉन्सिल, जिभेचे मूळ, गालाची आतली बाजू. कालच्यापेक्षा आज लाली जास्त आहे का, हा पांढरा ठिपका आधी होता का, असे तो रोज ताडून पाहत होता. शेवटी मान खाली घालून त्याने विचारले, "मले थे तं नसन ना?"

'थे' म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणी उच्चारून सांगत नाही. ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे असते. पुण्याला कामाला असताना एका रात्री जे घडले ते त्याने त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितले. त्या रात्रीला पाच आठवडे झाले होते. दोन आठवड्यांनी घसा धरला, अंगात कसकस आली, आणि तेव्हापासून तो रोज आरशासमोर उभा राहत होता. तपासणी केलीस का, असे विचारल्यावर तो दचकला. सरकारी दवाखान्यात त्याच्या गावची माणसे कामाला होती.

ही पुस्तिका त्या प्रश्नासाठी लिहिली आहे. असा प्रश्न घेऊन येणारा तो पहिला नव्हता आणि नंतरही अनेक आले: पुण्या-मुंबईला, सुरतेला जाऊन आलेले, ट्रकवर असणारे, ऊसतोडीहून परतलेले, आणि नवऱ्याविषयी शंका आलेल्या, पण ती बोलून न दाखवता "घसा दुखते" एवढेच म्हणणाऱ्या बायका. म्हणून उत्तर पहिल्याच पानावर देतो. घसा पाहून एचआयव्ही ओळखता येत नाही. मला येत नाही, मुंबईच्या मोठ्या तज्ज्ञालाही येत नाही, आणि मोबाइलच्या टॉर्चला तर नाहीच. घशाने जे सांगता येत नाही ते एक तारीख आणि थोडेसे रक्त सांगते. पुढची पाने हे कसे, ते समजावण्यासाठी आहेत.

आधी हे मान्य करू की त्या तरुणाची भीती हवेतून आलेली नव्हती. एचआयव्ही शरीरात शिरल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी अनेकांना फ्लूसारखा आजार होतो. विषाणू त्या दिवसांत रक्तात बेसुमार वाढत असतो. तो ज्या पेशींवर हल्ला करतो त्या पेशींची दाटी असते ती मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या गाठींमध्ये, आतड्याच्या अस्तरात आणि टॉन्सिलमध्ये. शरीर तिथे लढायला उभे राहते, म्हणून ताप येतो, गाठी सुजतात, घसा दुखतो. जोडीला डोकेदुखी, अंगदुखी, जुलाब, तोंड येणे, छाती-पोटावर न खाजणारे लालसर पुरळ. १९८५ साली सिडनीच्या डेव्हिड कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये हा आजार प्रथम नीट मांडला. तीन ते चौदा दिवस टिकणारा, अचानक सुरू होणारा, आणि दिसायला ग्रंथीज्वरासारखा, म्हणजे गाठी सुजवणाऱ्या विषाणूच्या तापासारखा, असे त्याचे वर्णन होते. त्या यादीत घसादुखी होतीच.

मात्र आपल्या जवळचा पुरावा पुण्याचा आहे, आणि तो मराठी वाचकाला फारसा माहीत नाही याचे मला वाईट वाटते. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत सापडले, डॉ. सुनीती सोलोमन यांच्या कामातून. पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्र हा साथीचा मोठा तळ झाला. १९९२ मध्ये पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली, आणि १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या हजारो लोकांची तिथल्या संशोधकांनी तपासणी केली. ज्यांच्या रक्तात एचआयव्हीविरोधी प्रतिपिंडे अजून तयार झालेली नव्हती, म्हणजे नेहमीच्या चाचणीत जे निगेटिव्ह होते, त्यांच्या रक्तात त्यांनी विषाणूचे स्वतःचे प्रथिन शोधले. असे अठ्ठावन्न जण सापडले. ही माणसे अगदी ताज्या लागणीत पकडली गेली होती. इतरांपासून त्यांना वेगळे काढणारी लक्षणे कोणती होती? ताप, सांधेदुखी आणि रात्री दरदरून येणारा घाम. आणि लक्षणांपलीकडे दोन गोष्टी: देहविक्रय करणाऱ्या स्त्रीशी निरोधाशिवाय संबंध आणि जननेंद्रियावरची जखम. घसादुखी त्या नेमक्या यादीत नव्हती.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. त्या अठ्ठावन्न जणांपैकी कुणाचा घसा दुखला नसेल असे नाही. पण घसा इतक्या सगळ्यांचा दुखतो, ज्यांना लागण झाली त्यांचा आणि झाली नाही त्यांचाही, की तेवढ्या खुणेवरून माणूस निवडता येत नाही. गावात सगळ्यांच्याच पायाला चिखल असेल तर चिखलावरून चोर कसा ओळखणार?

मग घसा दुखतो कशाने? बहुतेक वेळा साध्या विषाणूंनी, जे सर्दी आणतात. नाक वाहते, शिंका येतात, खोकला होतो, आवाज बसतो, डोळे चुरचुरतात. नाक वाहणे आणि खोकला हे जोडीला असेल तर तो घसा सर्दीचा असण्याचीच शक्यता फार. आठवडाभरात आपोआप बरा होतो. दुसरा प्रकार स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा. तो शाळकरी वयात जास्त, मोठ्या माणसांत कमी. सकाळी धड असलेले पोर संध्याकाळी तापाने फणफणते, आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी येते, टॉन्सिलवर पांढरा-पिवळा पू दिसतो, जबड्याखालची गाठ हात लावू देत नाही, आणि खोकला नसतो. १९८१ मध्ये अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट सेंटर यांनी मोठ्या माणसांसाठी याच चार खुणा मोजण्याची रीत घालून दिली: ताप, पू, मानेच्या पुढच्या बाजूची दुखरी गाठ, खोकल्याचा अभाव. चारही असतील तर जिवाणूची शंका बळावते. हा घसा अंगावर काढू नये, कारण दुर्लक्ष केले तर काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. अशा झडपा घेऊन जगणाऱ्या तरुण बायका मी पाहिल्या आहेत. लहानपणीच्या त्या घशाची त्यांच्या घरात कुणाला आठवणही नसते.

एचआयव्हीच्या सुरुवातीच्या आजारात घसा सहसा लाल असतो, पण टॉन्सिलवर पू क्वचितच असतो. नाक वाहणे आणि खोकला हेही तिथे ठळक नसतात. उलट तोंडात किंवा गुप्तांगावर दुखरे फोड, अंगावर पुरळ, मानेबरोबर काखेतही गाठी असे सगळे एकदम आले तर डॉक्टरने कान टवकारले पाहिजेत. हा फरक खरा आहे आणि डॉक्टरला उपयोगाचाही आहे. तरी मी तो लिहिताना बिचकतो. कारण वाचणारा लगेच आरशाकडे धावेल, पू दिसला तर सुटकेचा नि:श्वास टाकेल आणि पुरळ दिसले तर रात्रभर झोपणार नाही. दोन्ही चूक. ग्रंथीज्वर नेमका असाच दिसतो. त्यात कुणी घशासाठी अमॉक्सिसिलिन घेतले तर अंगभर पुरळ उठते आणि घर हादरते. उपदंशाच्या, म्हणजे आपल्याकडे जिला गरमी म्हणतात तिच्या, दुसऱ्या टप्प्यात घसा दुखतो, गाठी येतात आणि तळहात-तळपायांवरही पुरळ दिसते. म्हणून ज्याला एचआयव्हीची शंका आहे त्याने गरमीचीही तपासणी करून घ्यावी. तिच्यावर पेनिसिलिनचा चांगला इलाज आहे आणि ती राहून गेली तर वर्षांनी मेंदूपर्यंत जाते.

घशातल्या आणखी काही गोष्टींसाठी थांबू नये, त्या ओघात सांगून टाकतो. टॉन्सिलवर करडा, चिकटलेला पडदा आणि सुजलेली मान: घटसर्प असू शकतो, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. लाळही गिळता येत नाही किंवा श्वास घुसमटतो: तसेच. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला, आणि तंबाखूची सवय: कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

आता तारखेकडे येतो.

माणूस माझ्यासमोर बसतो तेव्हा घसा कसा दुखतो हे तो दहा मिनिटे सांगतो आणि खरी गोष्ट शेवटच्या अर्ध्या वाक्यात उरकतो. मला ती आधी हवी असते. काय घडले आणि कधी? निरोध न वापरता संबंध आला होता का, दुसऱ्याने वापरलेली सुई टोचली गेली का? यातले काहीच घडले नसेल तर घसा कितीही लाल असो, प्रश्न संपला. एकाच कपातला चहा, एकाच पुडीतला खर्रा, उष्टे ताट, डास, हातात हात, सार्वजनिक संडास यांतून एचआयव्ही होत नाही. आणि घडले असले तरी प्रत्येक संबंधातून लागण होतेच असेही नाही. बाधित जोडीदाराशी निरोधाशिवाय एकदा योनीमार्गे संबंध आला तर स्त्रीला लागण होण्याची सरासरी शक्यता दहा हजारांत सुमारे ८ आणि पुरुषाला सुमारे ४ इतकी मोजली गेली आहे. गुदमार्गे संबंधात ती कितीतरी जास्त असते, गुप्तांगावर जखम असेल तर वाढते, जोडीदाराची स्वतःची लागण ताजी असेल तर आणखी वाढते. हे आकडे मी धीर यावा म्हणून देतो. त्यांवर विसंबून कुणी चाचणी टाळू नये.

घटना गेल्या बहात्तर तासांतली असेल तर ती आणीबाणी समजावी. या काळात प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या आणि अठ्ठावीस दिवस न चुकता घेतल्या तर लागण बहुधा टळते, आणि पहिल्या काही तासांतली गोळी तिसऱ्या दिवशीच्या गोळीपेक्षा मोलाची असते. लैंगिक अत्याचार झालेली मुलगी, सुई टोचलेली परिचारिका, दवाखान्याचा कचरा उचलणारा कामगार, यांच्यासाठी ही माहिती गावात प्रत्येकाला असायला हवी. तक्रार लिहून होईपर्यंत औषध थांबता कामा नये.

बहात्तर तास उलटून गेले असतील तर चाचणीचे वेळापत्रक लागू होते. सरकारी केंद्रात होणारी झटपट चाचणी प्रतिपिंडे शोधते आणि ती तयार व्हायला वेळ लागतो, कुणाला तीन आठवडे, कुणाला तीन महिन्यांपर्यंत. प्रतिपिंडांबरोबर विषाणूचे प्रथिनही शोधणारी चौथ्या पिढीची चाचणी साधारण अठरा ते पंचेचाळीस दिवसांत लागण पकडते. मधल्या काळाला खिडकीचा काळ म्हणतात. आणि इथेच घशाचा खरा फसवेपणा आहे. घसा दुखतो तो नेमका याच काळात. त्या दिवसांत केलेली चाचणी निगेटिव्ह आली तरी ती शेवटची नसते. घटनेनंतर नव्वद दिवसांनी, मध्ये पुन्हा धोका न पत्करता, केलेली चाचणी निगेटिव्ह आली की विषय संपतो. दोन वर्षे दर महिन्याला रक्त तपासणारी माणसे मला माहीत आहेत. त्यांना ही ओळ आधी कुणी स्वच्छ सांगितली असती तर त्यांची ती वर्षे वाचली असती.

दुसरी फसवणूक उलट दिशेची आहे आणि मला तिची जास्त धास्ती वाटते. ताज्या लागणीचा ताप आपोआप उतरतो. घसा बरा होतो, पुरळ मावळते. त्या आठवड्यात मेडिकलवरून आणलेल्या तीन गोळ्या, सुई, सलाईन, काढा, अंगारा, जे काही केले असेल त्याला श्रेय जाते. माणूस म्हणतो, सुटलो. पुढे अनेक वर्षे त्याला काही होत नाही. तो लग्न करतो, आणि मग एके दिवशी गरोदर बायकोच्या नेहमीच्या तपासणीत ते बाहेर येते. तेव्हा घरातले सगळे तिच्याकडे पाहतात, कारण रक्त तिचे आधी तपासले गेलेले असते. असे मी पाहिले आहे. त्या खोलीतली शांतता मला अजून आठवते. जे काही कळायचे ते आधी पुरुषाच्या तपासणीतून कळले असते तर तिला ती नजर झेलावी लागली नसती, आणि कदाचित तो आजारही.

भीती आमच्या जिल्ह्यात कशी पसरते हे आपण अलीकडेच पाहिले. २०२४च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस झडू लागले, दोन-चार दिवसांत टक्कल पडू लागले. कुणी पाण्यावर बोट ठेवले, कुणी शाम्पूवर, कुणी साथीच्या रोगावर. पाणी तपासले गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले. डॉ. हिंमतराव बावसकरांनी रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला आणि सेलेनियमकडे लक्ष वेधले. त्या वेळी मी रोज हेच म्हणत होतो की टकलाकडे टक लावून कारण सापडणार नाही, नमुना प्रयोगशाळेत गेला पाहिजे. लोकांना ते पटत होते. केसांच्या बाबतीत त्यांनी रांगेत उभे राहून रक्त दिले. एचआयव्हीच्या बाबतीत तोच माणूस मागच्या दाराने येतो, कारण टकलाला चारित्र्य चिकटलेले नसते.

म्हणून तपासणी कशी होते तेही सांगतो. जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते. पाटीवर बहुधा आयसीटीसी लिहिलेले असते. आधी समुपदेशक एकट्याशी बोलतो, संमती घेतो, मग थोडे रक्त घेतले जाते. निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. पहिली चाचणी पॉझिटिव्ह दिसली तर वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन चाचण्या केल्याशिवाय कुणालाही पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. पैसे लागत नाहीत. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकाल इतरांना सांगता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून, शाळेतून किंवा दवाखान्यातून कुणाला हाकलता येत नाही. आपल्या तालुक्यात ओळखीचे लोक असतील तर शेजारच्या तालुक्यात जा. मलकापूरच्या माणसाने खामगावला, चिखलीच्या माणसाने मेहकरला जाऊन तपासले तरी चाचणी तीच असते. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारताही येते.

आणि समजा निकाल पॉझिटिव्ह आलाच. २००४पासून सरकार औषधे मोफत देते आणि २०१७पासून निदान होताच ती सुरू होतात. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नेमाने घेणाऱ्याच्या रक्तातला विषाणू इतका खाली जातो की चाचणीत दिसत नाही आणि संबंधातून जोडीदाराला लागतही नाही. अशी माणसे शेती करतात, दुकान चालवतात, त्यांना निरोगी मुले होतात. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये ती आहेत. त्यांच्या बाजूच्या बाकावर बसलेल्याला ते ठाऊक नसते, आणि असण्याची गरजही नाही.

त्या तरुणाने त्याच आठवड्यात दुसऱ्या तालुक्यात जाऊन रक्त दिले. निगेटिव्ह आले. नव्वदावा दिवस त्याने भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये नुसता ठिपका काढून ठेवला होता, घरच्यांना कळू नये म्हणून. तेव्हाही निगेटिव्ह आले. जानेवारीत कागद दाखवायला आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. मी त्याला म्हटले, आता ते फोटो पुन्हा एकदा दाखव. पहिल्या दिवशी घसा पाहताना त्याचे तोंड पुरते उघडत नाही हे माझ्या लक्षात आले होते, पण त्याच्या डोळ्यांतल्या भीतीपुढे मी ते नंतरसाठी ठेवले होते. फोटोत गालाच्या आत फिकट, पांढुरक्या पट्ट्या दिसत होत्या. त्याच पट्ट्यांना तो एचआयव्हीची खूण समजून तीन आठवडे न्याहाळत होता. मी त्याला आपली तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. खर्रा किती वर्षांपासून खातोस, असे विचारले. "शाळेत होतो तवापासून," तो म्हणाला. खर्ऱ्यातल्या सुपारीने तोंडाचे आतले अस्तर आखडत जाते, ते पूर्ववत होत नाही आणि पुढे त्यात कर्करोग होऊ शकतो, हे मी त्याला सांगितले आणि दंतरोग विभागाची चिठ्ठी लिहून दिली. ती त्याने त्याच निगेटिव्ह कागदाबरोबर घडी करून खिशात ठेवली.